पहिली पुण्यात की श्टुटगार्टला?

कोथरूडला सासू-सासऱ्यांबरोबर राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. नवरा वाहन उद्योगात इंजिनिअर. जानेवारीत तो श्टुटगार्टला नोकरीवर रुजू झाला. मुलाला फेब्रुवारीत सहा वर्षं पूर्ण झाली. इथल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिलीची फी भरून झाली आहे, जूनच्या मध्यावर शाळा उघडेल. नवरा म्हणतो, दोघं निघून या, सप्टेंबरात तो तिथल्या सरकारी शाळेत पहिलीला बसेल. सासरे म्हणतात, दोन वर्षं इथे पाया पक्का होऊ दे, तिसरीला न्या. ती लिहिते: "मुलाला जर्मनचं अक्षर येत नाही. आम्ही तीन-चार वर्षांत परतणारच आहोत, मग त्याचे हाल कशाला? पण तो रोज रात्री बाबाचा फोन ताटाशेजारी टेकवून जेवतो, तेही बघवत नाही. शिवाय माझी बँकेतली अकरा वर्षांची नोकरी आहे. ताई, काय करू?"

प्रिय मैत्रिणी,

ताटाशेजारचा तो फोन माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. इथे रात्रीचे साडेआठ म्हणजे सध्या तिकडे संध्याकाळचे पाच. तुम्ही लिहिलंय, मुलाने आ करून हलणारा दात कॅमेऱ्याला दाखवला, आणि बाबा मीटिंगमध्ये होता म्हणून आवाज बंद करून नुसता हसला. दात पडला त्या दिवशी मुलाने फोन लावायलाच सांगितलं नाही. चार पानांच्या पत्रात ही एवढीशी गोष्ट. मी मात्र तिथेच थांबले. म्हणून माझं मत आधीच सांगते: तुम्ही दोघांनी जावं, आणि सप्टेंबरच्या आत जावं. का वाटतं ते सविस्तर लिहिते. निर्णय तुमचाच.

आधी तो 'पाया'. हा शब्द आपल्या घरांत इतका वापरला जातो की कशाचा पाया, हे विचारायचं राहूनच जातं. इथे दोन वर्षं काढली तर मुलगा इंग्रजी वाचायला-लिहायला शिकेल, पाढे म्हणेल. त्यातलं काही वाया जाणार नाही. पण तो तिकडे तिसरीत जाऊन बसेल तेव्हा शेजारची मुलं दोन वर्षं जर्मन वाचत-लिहीत आलेली असतील. आणि तिथली प्राथमिक शाळा चारच वर्षांची असते. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग ही दोन राज्यं सोडली, तिथे ती सहा वर्षं चालते, तर बाकी बहुतेक जर्मनीत चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. एक गिम्नाझियमची, पुढे थेट विद्यापीठाकडे जाणारी. बाकीच्या अधिक व्यवहाराकडे, हातातल्या कौशल्याकडे नेणाऱ्या. तुमच्या नवऱ्याच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात चौथीच्या मध्यावर शिक्षक आपली शिफारस देतात. म्हणजे तिसरीत पोचलेल्या मुलाच्या हातात जेमतेम दीड वर्ष. तेवढ्यात भाषा शिकायची, मित्र जोडायचे आणि आपली हुशारीही दाखवायची. वाट नंतर बदलता येते, तशी सोय त्या व्यवस्थेत आहे. तरी दहाव्या वर्षी त्या मुलाची हुशारी भाषेमागे झाकली जाण्याची शक्यता मोठी. सासऱ्यांना हे एवढंच शांतपणे समजावून सांगा. पाया जिथे इमारत उभी राहणार तिथेच घालायचा असतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

उलट पहिलीत गेला तर? जर्मनीतल्या बालवाडीत लिहायला-वाचायला शिकवत नाहीत. सहा वर्षांची जर्मन मुलंही पहिलीत पहिल्या अक्षरापासून सुरुवात करतात. तुमचा मुलगा सीनियर केजी करून जातोय. त्याला रोमन लिपीची अक्षरं गिरवता येतात, शंभरपर्यंत आकडे लिहिता येतात. तोंडी भाषेत तो मागे असेल, पाटीवर पुढे असेल. वर्गात एक तरी गोष्ट आपल्याला येते, ही भावना नव्या मुलाला फार धीर देते.

आणि एक गंमत सांगते, ती आजीला जरूर सांगा. जर्मन भाषेत पंचवीसला 'फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिश' म्हणतात: पाच आणि वीस. आपलं पंचवीसही तसंच, आधी पाच, मग वीस. इंग्रजीत उलटं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. एकोणतीस, एकोणचाळीस असे 'एक उणे' आकडे सोडले, तर मराठीत मोजणाऱ्या मुलाच्या कानाला जर्मन संख्यांची रचना आधीच ओळखीची असते. इंग्रजी माध्यमाची आपली मुलं 'ट्वेंटी फाइव्ह' म्हणतात आणि पंचवीस म्हटलं की गोंधळतात. तेव्हा या सुट्टीत त्याला जिने चढताना, वाटाणे सोलताना मराठीत मोजायला लावा. उच्चारांचंही तसंच. जर्मन झेड म्हणजे आपल्या 'चमचा'तला च. साखरेला ते 'चुकर' म्हणतात, त्यात हाच च. इंग्रजी बोलणाऱ्यांना तो जमवायला जीभ वळवावी लागते, तुमच्या मुलाच्या तोंडात तो आयताच आहे.

म्हणून कळकळीने सांगते, तिकडे गेल्यावर घरात मराठी सोडू नका. चांगल्या हेतूने कुणीतरी सांगेल की घरीही जर्मनच बोला, लवकर येईल. तुमचं जर्मन सुरुवातीला मोडकं असणार. मोडक्या भाषेत आईने रागवायचं कसं आणि जवळ घ्यायचं कसं? जर्मन त्याला शाळेत, मैदानात अस्सल मिळेल. मराठी द्यायला तिथे तुमच्या दोघांशिवाय कुणी नाही.

आता 'तीन-चार वर्षांत परतणारच आहोत' हे वाक्य. हे मी पंचवीस वर्षं ऐकते आहे. काही जण परतले, काही नाही, आणि निघताना कुणालाच ठाऊक नव्हतं आपण कोणत्या गटात आहोत. तुमच्या मनात परतणं असू दे. पण त्या वाक्याचा भार मुलावर पडतो तो असा: टेबल कशाला घ्यायचं, जायचंच आहे. शेजाऱ्यांशी ओळख कशाला, जायचंच आहे. पोहण्याच्या वर्गाला कशाला घालायचं, जायचंच आहे. मोठी माणसं अशी चार वर्षं काढतात, बॅगा कपाटावर ठेवून. सहा वर्षांच्या मुलाला मात्र ती चार वर्षं म्हणजे आठवणीतलं सगळं बालपण. तो तिथे पूर्ण राहिला पाहिजे. परत यायची वेळ आली तर त्याला सोडून येताना वाईट वाटेल असे मित्र असले पाहिजेत.

परतायची तयारी म्हणून एक गोष्ट नक्की करा. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या, सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीचं आहे. चौथी-पाचवीत तो पुण्यात परत आला तर इंग्रजी तो भरून काढेल, तिथल्या शाळेतही तिसरीपासून इंग्रजी सुरू होतं. अडेल ते देवनागरीत. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, 'किशोर' मासिकाचे जुने अंकही तिथे आहेत. आठवड्याला दोन पानं पुरेत, पण खंड नको.

आंतरराष्ट्रीय इंग्रजी शाळेबद्दल तुम्ही जाता जाता विचारलंय. करार ठरावीक दोन वर्षांचा असेल आणि फी कंपनी भरणार असेल, तर ती शाळा घ्यावी. पदरच्या पैशाने नको. वर्षाला हजारो युरो जातात, मुलं लांबलांबून येतात, आणि संध्याकाळी खाली खेळायला आलेल्या पोरांशी याला बोलताच येत नाही.

आता मी तुमच्या पत्रातल्या 'शिवाय' या शब्दाकडे येते. बँकेतली अकरा वर्षं तुम्ही सगळ्यात शेवटी, एका 'शिवाय'ला अडकवून लिहिली आहेत. मला वाटतं ती पहिल्या ओळीत यायला हवी होती. मुलाचे हाल, भाषा, पाया हे सगळं खरं आहे, पण त्यामागे तुमची स्वतःची भीती उभी आहे, आणि तिच्यात लाजण्यासारखं काहीच नाही. अकरा वर्षं रोज सकाळी डबा भरून बाहेर पडलेल्या बाईला, स्वतःच्या सहीने कर्जं मंजूर करणाऱ्या बाईला, परक्या गावात 'अमुकची बायको' होऊन बसायचं म्हटलं की पोटात गोळा येणारच. ते नवऱ्याला सांगा. मुलाच्या नावाखाली नका सांगू, स्वतःच्या नावाने सांगा. 'मी गेले तर माझं काय?' हा प्रश्न तुम्ही त्याला विचारलाय का? पत्रावरून तरी दिसत नाही.

मी हे अधिकाराने बोलते, कारण मी थांबले होते. आमचे हे मस्कतला होते तीन वर्षं. लेक दुसरीत होती, शाळा चांगली मिळाली होती, म्हणून मी तिला घेऊन इथे राहिले. सगळ्यांना मी तेच सांगितलं, 'हिच्या शाळेसाठी.' खरं कारण असं होतं की मला माझी शिक्षिकेची नोकरी सोडवत नव्हती. तो कायमचा परत आला त्या संध्याकाळी लेकीने त्याला पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "अहो बाबा, तुम्ही किती दिवस आहात?" जाताना तो तिचा 'अरे बाबा' होता. त्या 'अहो'ने तो कसा खाली बसला, ते मी आजही विसरलेले नाही. पुढे सगळं सावरलं, पण त्याला वर्षं लागली. नोकरी धरून ठेवली याचा मला पस्तावा नाही. शाळेचं नाव पुढे केलं, त्याचा आहे.

तुमच्या बाबतीत मार्ग आहेत. बँकेला आधी बिनपगारी रजेचं लेखी विचारा. राजीनामा हा पहिला कागद नसावा. नवरा ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्यावर असेल तर जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिथे पोचल्यावर नोकरी करायची पूर्ण मुभा असते. परीक्षा लागत नाही म्हणून भाषा टाळू मात्र नका. तुम्ही पुण्यात आहात, जर्मन शिकायला यापेक्षा चांगलं गाव देशात शोधावं लागेल. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट, बोट क्लब रस्त्याला मॅक्स म्युलर भवन. उद्या जाऊन चौकशी करा. दोन-तीन महिन्यांत पहिली पायरी झाली तरी पालकसभेत तुम्ही मुक्या बसणार नाही. पहिलं वर्ष जड जाईल, हे लपवत नाही. रविवारी तिथे दुकानं बंद, रस्ते शांत. लक्ष्मी रोडची सवय असलेल्या माणसाला ती शांतता टोचते.

थांबणंच शहाणपणाचं ठरेल अशा परिस्थितीही असतात. मुलाचे बोलण्याचे किंवा अन्य काही उपचार चालू असतील आणि ते मध्ये तुटणार असतील तर. सासू-सासऱ्यांपैकी कुणी आजारी असेल तर. नवऱ्याचा परिवीक्षा काळ अजून संपला नसेल तर. तिथे तो बहुधा सहा महिन्यांचा असतो, म्हणजे तुमच्याकडे जुलैत संपेल. तेवढं थांबून तिकिटं काढा, व्हिसाचे कागद मात्र आत्ताच पुढे सरकवा. महिनाभर उशिरा पोचलात तरी शाळा घेतेच, कारण त्या वयाच्या मुलाने शाळेत जाणं हा तिथला कायदा आहे. ३० जूनपर्यंत सहा पूर्ण केलेलं मूल त्या राज्यात त्याच वर्षी पहिलीला जातं. फेब्रुवारीचा वाढदिवस असल्यामुळे तुमचं त्यात बसतं. इथे भरलेली फी शाळेकडे परत मागा. नाही मिळाली तरी त्या पैशापायी दोन वर्षांचा निर्णय करू नका.

आपल्याला इथली सवय असते: आधी शाळा, मग तिच्याजवळ घर. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेला फी नाही, देणगी नाही, मुलाखत नाही. पत्त्यावरून शाळा ठरते. म्हणून नवऱ्याला सांगा, घर बघताना शाळेपर्यंतचा रस्ता स्वतः चालून बघ. रिक्षाकाका तिथे नाहीत. मुलं चालत जातात, थोड्याच दिवसांत आपापली जातात, आणि शाळेलाही तेच हवं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये तोच रस्ता मुलासोबत दहा वेळा चाला. शाळा दुपारीच सुटते. २०२६-२७ च्या शालेय वर्षापासून पहिलीत येणाऱ्या मुलांना दिवसभराच्या सोयीचा कायदेशीर हक्क मिळतो आहे, तुमच्या नोकरीच्या दृष्टीने त्याची आधीच चौकशी करून ठेवा.

पहिले काही आठवडे, कदाचित काही महिने, मुलगा वर्गात तोंड उघडणार नाही. घाबरू नका. दुसरी भाषा कानात साठवताना मुलं गप्प असतात, आणि एक दिवस आख्खं वाक्य बोलून टाकतात. रोज 'आज काय बोललास?' असं विचारू नका. 'आज कुणाशेजारी बसलास?' असं विचारा. इथून निघायच्या आधी तीन वाक्यं मात्र पाठ करून घ्या: शौचाला जायचंय, मला कळलं नाही, आणि सगळ्यात मोलाचं, 'दार्फ इश मिटश्पीलन?', मी पण खेळू का? त्याच्या नावात इंग्रजी व्ही असेल तर बाई त्याचा 'फ' करतील, जे असेल तर 'य'. नाव कसं म्हणायचं ते त्यानेच हसत दुरुस्त करावं, हाही सराव घरी करा. डब्यात तिथली मुलं पाव, काकडी, सफरचंद आणतात. तूप-गुळाच्या पोळीचा रोल नेला तर काहीही बिघडत नाही, पण त्याला विचारून द्या. शाकाहारी असाल तर वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या चिकट गोळ्यांत बहुधा जिलेटिन असतं, त्याचं काय करायचं ते घरी आधी ठरवा.

सुट्ट्यांचं मात्र मनाशी पक्कं करा. शाळा चालू असताना दिवाळीसाठी दोन आठवडे मूल उचलून आणता येत नाही, परवानगीशिवाय गैरहजेरीला दंड होतो. त्या राज्यात उन्हाळी सुट्टी जुलैअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते. गणपती लवकर आले, २०२५ ला २७ ऑगस्टला आले होते तसे, तर सापडतील. मे-जूनमध्येही दोन आठवडे मिळतात, त्यात शेवटचे आंबे.

आता सासऱ्यांबद्दल. 'पाया' म्हणताना त्यांच्या मनात 'नातू' आहे. ते म्हणता येत नाही म्हणून पाया म्हणतात. त्यांना नवऱ्याने फोनवरून कळवू नये, तुम्ही त्यांच्याजवळ बसून सांगावं. आणि त्यांच्यासाठी एक खरं काम ठेवून जा. तिथे दुपारी एकला शाळा सुटते तेव्हा इथे साडेचार होतात, हिवाळ्यात साडेपाच. आजोबांच्या चहाची वेळ. रोज पंधरा मिनिटं त्यांनी नातवाला मराठी गोष्ट वाचून दाखवायची, हळूहळू त्याने त्यांना. देवनागरीची जबाबदारी त्यांची. तुम्हाला ती झेपणार नाही, हे मोकळेपणाने कबूल करा.

आजीसाठीही एक काम आहे. तिथे पहिलीच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मूल पुठ्ठ्याचा भलामोठा शंकू छातीशी धरून शाळेत जातं. त्याला 'शूलट्युटं' म्हणतात. आत खाऊ, पेन्सिली, छोटी खेळणी; शाळेतून आल्यावर उघडायचा. आपण दसऱ्याला पाटीवर एकेक आकड्यांची सरस्वती काढून पूजा करतो, त्याच जातीचं हे कौतुक. शंकू तिथे आई-वडील घरी बनवतात. तुमचा कोथरूडच्या घरात बनू दे. आजीने वरून कागद चिकटवावा, आत चिक्की आणि तिळाच्या वड्या भराव्यात. चेपू नये म्हणून विमानात हातातच घ्या.

दोन कागद मात्र या आठवड्यातच बघा. लसीकरणाच्या पुस्तिकेत गोवराच्या दोन मात्रांची नोंद तारीख आणि डॉक्टरांच्या शिक्क्यासह स्पष्ट हवी. मार्च २०२० पासून तिथल्या कायद्याने शाळेला तिचा पुरावा लागतो. आणि महापालिकेच्या जन्मदाखल्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते पाहा. एखादं 'ए' कमी-जास्त निघालं तर ते दुरुस्त करायला तुम्ही अजून पुण्यात आहात.